सरांनी माझ्यासाठी निवडलेली धून

सुमनकाकू, दादा, गडमुडशिंगीहून आलेली मंडळी आणि सरांचे सगळे विद्यार्थी,

मी जयसिंगपूरच्या एका शाळेत गणित शिकवते. बोलणं हा माझा रोजचा धंदा. पण आज शेजारी सरांचा फोटो आहे, फोटोला हार आहे, म्हणून कागदावर लिहून आणलंय. सांभाळून घ्या.

सदाशिव सर लष्करी बँडमधून निवृत्त होऊन काकूंसह गावी आले, ते डबल बेस घेऊनच. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दिसायला व्हायोलिनसारखाच, पण माणसापेक्षा उंच. उभं राहून, तारांवर गज फिरवून वाजवायचा. त्याचं काम मागं राहून दुसऱ्याच्या गाण्याला आधार द्यायचं. एकट्यानं वाजवायची वेळ क्वचितच येते. त्यामुळं शिष्याला एकट्यानं वाजवायला कुठली धून द्यायची, याचा सर फार विचार करायचे.

चार वर्षं दर रविवारी मी त्यांच्याकडं गेले. ना धड नवशिकी, ना धड तयार. "हितंच माणूस वाकडं जातंय बघ," सर म्हणायचे. आणि मी गेलेच की!

गेल्या वर्षी आम्हा शिष्यांचा कार्यक्रम होता. मी सरांना न विचारता इंटरनेटवरून एक धून उतरवून घेतली. जलद, चमकदार. तीन महिने घासली. कीबोर्डवाला ऐनवेळी आला, एकत्र तालीम झालीच नाही. वाजवायला सुरुवात केली आणि काय सांगू तुम्हाला! मी एका पट्टीत, तो दुसऱ्याच. एकट्यानं वाजवायच्या धुनांसाठी या वाद्याला पुष्कळदा वेगळ्या तारा लावतात, एक सूर चढ्या. साथीचा कागद त्या तारांच्या हिशेबानं लिहिलेला. माझ्या तारा नेहमीच्या. मी गणिताची बाई, आणि एवढं साधं गणित चुकले. लोक हसायला लागले.

सर पहिल्या रांगेतून उठले. वर आले. कीबोर्डचं एक बटण दोनदा दाबलं आणि साथ एक सूर खाली आणली. मग माईक घेऊन म्हणाले, "पावणं, चूक माझी हाय. पोरीला सांगायचं मीच इसरलो. आता ऐका."

सर, तुम्ही विसरला नव्हता. मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मान खाली घालून गेले. वाटलं, आज सर झाडणार. सरांनी माझा डावा हात तारांवर ठेवायला लावला, बोटं कुठवर पसरतात ते बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "आता गा." मी म्हटलं, गाऊ? "व्हय. तुला गाता येतंय त्येच तुझ्या हातातनं येणार." मी गायले. सर डोळे मिटून ऐकत होते. मग कपाटातून स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पान काढून दिलं. संथ धून. एकच पान!

मी फटकन बोलले, "सर, हे पोरासोरांचं वाटतंय."

"मग दाव की वाजवून."

मंडळी, मी ते पान घरी नेऊन ठेवून दिलं. राग आला होता मला. दर रविवारी सर विचारायचे, "झालं का गं त्ये?" मी म्हणायचे, "चाललंय की, सर." खोटं. सहा महिने खोटं बोलले. त्यांना काय कळत नव्हतं? पण एकदाही त्यांनी मला तोंडघशी पाडलं नाही. सर आजारी पडले, मी दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. मी म्हटलं, "झालं सर. रविवारी ऐकवते." सर म्हणाले, "ऐकतो की. घाई न्हाय."

तो रविवार आलाच नाही. याचं मला फार वाईट वाटतं. आयुष्यभर वाटणार आहे.

काकू म्हणाल्या, "आज कायतरी वाजव." जलद धून मला आता चांगली येते. ती वाजवली असती तर तुम्ही कौतुकही केलं असतं. पण गेले दहा दिवस मी सरांचं ते पान घेऊन बसले आहे. एकेक सूर इतका लांब, की गज जरा थरथरला तरी सगळ्यांना ऐकू जावं. लपायला जागाच नाही. पोरासोरांचं काम नाही ते! सरांनी माझी बोटं बघितली होती, माझा आवाज ऐकला होता आणि माझी लपायची खोडही ओळखली होती.

दहा दिवसांत निम्मंच पान बसलंय. निम्मंच वाजवणार आहे. ज्या सुरापर्यंत मला खरोखर येतं, त्या सुरावर थांबेन. पुढचं येत असल्याचं सोंग आज करणार नाही.

मी थांबले की टाळ्या वाजवू नका. सगळे उभे राहूया, आणि दोन मिनिटं शांत राहूया.

सर, ऐका.