भुताच्या गाडीची दुसरी फेरी

दि. १४ सप्टेंबर १९८८

मी, हिल्डा रोथवेल, वय ६८ वर्षे, विवाहित, पूर्वी कापडगिरणीत विणकाम, आता घरीच, राहणार क्रॉस्ले स्ट्रीट, ब्रॅमक्लफ. सॉल्टहेवन पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता हजर राहून समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझा नवरा विल्फ, वय ७१, बसचा निवृत्त कंडक्टर, असे दोघेच राहतो. मुलगी पॉलीन लग्न होऊन शेजारच्या गावी असते. दर सप्टेंबरात आम्ही आठवडाभर सॉल्टहेवनला येतो. इथल्या समुद्रातल्या धक्क्यावर, अगदी टोकाला, भुताची गाडी आहे, म्हणजे अंधारात खोटी भुते दाखवून आणणारी. लग्न झाल्या वर्षापासून आम्ही तीत बसतो. दोघांपुरता डबा असतो, तो दारावर आपटून अंधारात शिरतो. मी भुतांना भीत नाही. ओरडायचे काम विल्फचे, आणि तो दोघांच्या वाटचे ओरडतो.

बाहेर पडायच्या दाराअलीकडे छतापासून ओले दोरे सोडलेले आहेत, ते तोंडावरून फिरतात. लोकांना त्याची गंमत वाटते. माझा जन्म गिरणीत गेला, मला तोंडावर धागा आलेला सोसत नाही. म्हणून तिथे आले की विल्फ माझ्या तोंडासमोर हात आडवा धरतो. मग डबा उजेडात आला की मान टाकून मेल्याचे सोंग करतो. हेही दर वर्षीचेच. गाडीचा ब्रेक डोरीन हॉलरॉइड हिच्या हातात असतो. ती आम्हाला फार वर्षे ओळखते.

काल मंगळवारी दुपारी आम्ही मासे आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी खाल्ल्या. खाताना विल्फ डावा खांदा चोळत होता. मी म्हटले, "तरी सांगत होते, दोन्ही बॅगा एकट्याने उचलू नकोस." तो म्हणाला, "बॅगांचं नाही गं, तुझ्या बोलण्याचं ओझं आहे ते." त्यानंतर आम्ही गाडीत बसलो.

पहिल्या फेरीत तो नेहमीसारखा ओरडला. दोऱ्यांपाशी त्याचा हात माझ्या तोंडासमोर होता. एकही दोरा मला लागला नाही, हे मी खात्रीने सांगते. बाहेर आलो तेव्हा त्याचे डोके माझ्या खांद्यावर पडले होते.

डोरीन म्हणाली, "काय गं हिल्डा, यंदाही गेला का तुझा म्हातारा?"

मी म्हटले, "गेला एकदाचा! सुटले बाई."

"मग घे, एक फेरी माझ्याकडून. शेवटचा प्रवास फुकट!" असे म्हणून तिने डबा पुढे ढकलला. रांगेतले लोक हसले. मीही हसले.

आत सांगाडा खाली आला, शवपेटीचे झाकण उघडले. विल्फ ओरडला नाही. मला वाटले, दम लागला असेल. मी म्हटले, "बास झालं सोंग. ओरड की रे, आता कोण बघतंय इथं?" मग दोरे आले. ते सगळे माझ्या तोंडावर आले, एक ओठांत अडकला. तेव्हा मला कळले.

पॉलीनने डोरीनविरुद्ध तक्रार दिल्याचे आज सकाळी समजले, म्हणून मी आले. डोरीनला कामावरून घरी बसवले आहे. ती काल संध्याकाळी आम्ही उतरलो त्या घराच्या दारापर्यंत आली, पण आत आली नाही. ते शेवटच्या प्रवासाचे बोलणे तिला आता जन्मभर छळणार. पॉलीन मला म्हणाली, "आई, तुला कळलं कसं नाही?" ती बापाची लाडकी आहे, तिला कोणावर तरी रागवायचे आहे. मधली ती मिनिटे मिळाली असती तर विल्फ जगला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. पण डोरीन चार हात लांब उभी होती. मी त्याला खेटून बसले होते, मलाही ते सोंगच वाटले. तिला दोषी धरणार असाल तर आधी मला धरा.

दोऱ्यांपाशी कळल्यावर आपण मदतीसाठी ओरडलात का, असे मला विचारण्यात आले. नाही. ओरडायचे मला कधी जमले नाही. आणि तिथे ओरडून कोणाला काय कळणार होते? अजून बरेच दोरे बाकी होते. मी माझा हात विल्फच्या तोंडासमोर धरला. दार येईपर्यंत धरून ठेवला.

जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. सुरुवातीला 'विवाहित' लिहिले आहे ते बदलायचे का, असे त्यांनी विचारले. बदलू नये. बाकीही मी सांगितले तसेच लिहिले आहे.

सही,
हिल्डा रोथवेल