अक्का टीव्हीत मेली, आन मी रडले

...आता मला सांगा, अर्धी गोष्ट बोलून गाडीत चढायचं असतं का कुणी? पुरी करा, न्हाईतर तोंडच उघडू नका! मी वसमतच्या स्टँडवर बसलेली, मांडीवर वांग्याची पिशवी, आन शेजारी हट्ट्याच्या दोघी. मी काय कुणाच्या बोलण्याला कान लावून बसत न्हाई, पर कान हायेतच डोक्याला, ते काय पिशवीत घालून ठेवू? तर त्यातली एक म्हणते, "कुरुंद्याची कमलबाई मेली म्हणं गं! आमचा दीर तिच्या पोराच्याच मिलमधी हाय, त्यो आला सांगत... पोरगा निघालाय मुंबईहून, आता वावराचं..." आन भर्रकन हट्ट्याची गाडी लागली, दोघी पळाल्या! वावराचं काय? मी म्हागं पळाले, खिडकी बडवली, "अवो बाई, वावराचं काय?" तर कंडक्टर म्हणतो, "मावशी, हट्टा का?" हट्टा न्हाई रे बाबा, कमलबाई!

तुमाला सांगते, कुरुंदा म्हंजे माझंच गाव. कमलअक्का म्हंजे माझी शेजारीण, भिंतीला भिंत. आन त्याच दिवशी सकाळी तिनं माझ्या कोंबडीला आन कोंबडीच्या निमित्तानं मला चांगल्या तब्येतीत शिव्या घातल्या होत्या! एवढी धडधाकट बाई दुपारपर्यंत मरंल कशी? पर पोरगा निघालाय म्हंजे...

हे पोरगं म्हंजे नरसिंग. एकुलता एक. मुंबईला मिलमधी. दर कार्डात एकच गाणं, "आई, तुझं वय झालं, वावर विकू, इथं ये." आन अक्का दर बारीला म्हणायची, "तिथं जाऊन काय करू? खोलीत बसून भिंतीला पाणी देऊ?" एवढ्याचसाठी तर ती त्या टीव्हीच्या भानगडीत पडली! तिला वाटलं, पोरगं एकदा मला काम करताना डोळ्यानं पाहील, आन वावर विकायचं नाव काढणार न्हाई.

टीव्ही म्हंजे काय ते आमच्याकडं कुणी पाह्यलेला का? न्हाई. रेडिओला तोंड फुटलंय एवढंच ऐकून होतो. हळद शिजवायचे दिवस होते, अन् एक दिवस जीप आली गावात. आता त्या आणीबाणीच्या साली जीप दिसली की काय व्हायचं, तुमाला ठाऊक हाय. नसबंदीवाले! जीप वेशीवर, आन गावातले समदे गडी उसात! उभ्या उसात असे शिरले, की एक विडीसुदीक पेटंना. मागं राह्यल्या बाया, म्हातारे, अमृतराव गुरुजी, कारण सरकारी नोकर पळणार कुठं, आन पिठाच्या चक्कीवाले अन्सारभाई. त्यांचं आधीच झालेलं, दाखला खिशात, त्ये निवांत!

जीपमधून उतरला एक साहेब, नसबंदीवाला न्हाई, मुंबईचा टीव्हीवाला, संगं क्यामेरा. डोळ्याला काळा चष्मा, गळ्यात रुमाल. गावात फिरला, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, आन त्याच्या डोळ्यात पाणीच! "अरेरे! खेड्यात एकही तरुण उरला नाही! सगळे शहरात गेले! अगदी माझ्या नाटकात लिहिलंय तसंच!"

आता काय सांगू त्याला? समदे तरुण तुझ्या पाठीमागं उसात बसून मच्छर मारून राहिलेत म्हणून?

नाटक काय, तर पोरगा शहरात जातो, आन म्हातारी माय वाट पाहून पाहून मरते. ती माय व्हायला साहेबानं अक्कालाच धरलं. अक्कानं इचारलं, "काहून मरते?"

"मुलगा गेला ना, बाई."

"मग मरायचं काहून? वावर कोण पाहील?"

साहेब म्हणे, "टीव्हीत असंच असतं, बाई."

त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय बघा. टीव्हीत असंच असतं!

अक्का म्हणे, मरते, पर आधी मला हळदीच्या कढईपाशी काम करताना घ्या, माझं पोरगं पाहणार हाय. साहेब म्हणे, घेऊ घेऊ. आन मग तिच्याकडं असा पाहतच राह्यला. "तुम्ही म्हाताऱ्या वाटत नाही हो! केस काळे, पाठ ताठ. असं कसं चालेल?" म्हंजे साठीची बाई म्हातारी दिसत न्हाई, ही बाईची चूक! हातात काठी दिली. अक्कानं ती काठी घेतली आन सवयीनं माझ्या कोंबडीवर उगारली. "नाही नाही, टेका!" "कशाला टेकू? मी काय पडून राहिली?" मग अन्सारभाईच्या चक्कीवरून जवारीचं पीठ आणलं, अक्काच्या डोक्यावर चोळलं. आन अक्का गेली कढईपाशी! हळद उकळून राहिलेली, वरचं बारदान तिनं उचललं, वाफेचा लोट उठला आन डोक्यावरचं पीठ भिजून घट्ट. अन्सारभाई म्हणे, "अक्का, आता थापायचं तेवढं बाकी हाय."

तर साहेबाचं लक्ष अन्सारभाईकडं गेलं. "हे कोण?" मुसलमान हायेत म्हणून सांगितलं. साहेब म्हणे, "छे, वाटत नाहीत! जाळीची टोपी घाला, गळ्यात ताईत घाला, आणि 'अरे ओ अम्मा' असं बोला." अन्सारभाई म्हणे, "साहेब, वाटत न्हाई त्याला मी काय करू? माझा बाप तर होता, त्याचा बापबी होता. पर अक्काला अम्मा म्हणलं तर ती चक्कीवर दळण न्हाई आणायची." टीव्हीत असंच असतं म्हणे!

मग गुरुजी. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. साहेबानं आधी लई आदरानं नमस्कार घातला. "आपण कोणत्या भागात राहता?" गुरुजी म्हणाले, "बौद्धवाड्यात." साहेबानं जोडलेले हात सोडले, म्हणे, "मग पेन काढा. सदरा कुणाचा तरी फाटका घ्या. आणि थोडं वाकून उभे राहा." टीव्हीत असंच असतं हे ह्या बारीला त्याला म्हणायला जमलं न्हाई बघा, कारण गुरुजी हळूच म्हणाले, "पेन निघणार नाही." बस, एवढंच. आन बाजूला जाऊन ताठ उभे राह्यले. मला काय समजतंय, मी चौथी शिकलेली, पर त्या येळंला माझं हसू गेलं.

...कुठं होते मी? हां, अक्काचं मरण! बाजंवर निजवलं. "खोका." अक्का खोकली, तर पलीकडच्या वावरातले बैल थांबले! "हळू खोका, क्षीण!" क्षीण म्हंजे काय ते समजेपर्यंत तिला झोप लागली. उठवली. पुन्हा मेली. मेली, आन नाकात हळदीचा वास गेला, तशी ताडकन उठून बसली, मलाच म्हणते, "अगं पद्मे, जाळ कमी कर, हळद फुटंल!" साहेबानं डोक्याला हात लावला.

मला उशाशी बसवलेलं, रडायला. म्या आपला चांगला हेल काढला, "अगं माझ्या अक्काऽऽ, आता मला कोण शिव्या घालंल गंऽऽ, मला पोटच्या पोरीवानी धरलंस गंऽऽ..." साहेब म्हणे, "आवाज नको, फक्त डोळ्याला पदर!" मौतीला आवाज न्हाई? मग काय तोंडात गुळाचा खडा धरून रडायचं? म्या काय थांबले न्हाई. तर मेलेली अक्का डोळे मिटूनच म्हणते, "पद्मे, माझी परात तुझ्याकडंच हाय, तेबी सांग हेल काढून!"

साहेबानं तरी ते घेतलं म्हणे. कढईपाशी काम करतानाचं घेतलं का, ते इचारायला गेलो, तोवर जीप गेली. आन जीप गेली तसे उसातून गडी निघाले, भुकेनं कासावीस! हे समदं वसमतच्या स्टँडवर बसले त्याच्या दोन-तीन महिन्यामागचं.

तर त्या दिवशी गाडीतून उतरले आन पळतच अक्काच्या दारी गेले. दाराला कडी! झालं! वांग्याची पिशवी टाकली, उंबऱ्यावर बसले आन असा हेल काढला की अर्धी गल्ली जमली. "अगं माझ्या अक्काऽऽ..." आन म्हागून आवाज आला, "आता काहून रडून राहिली गं? आता तर जीपबी न्हाई."

अक्का! डोक्यावर पऱ्हाटीचा भारा!

म्या सांगितलं समदं. तर अक्काचा चेहरा उतरला. "म्हंजे तिकडं मुंबईला टीव्हीत माझं मरणच दाखवलं. कढई न्हाई दाखवली." भारा टाकला आन खालीच बसली. तिला तशी बसलेली म्या कधी पाह्यली न्हवती. म्हणे, "आता पोरगं नेतंय बघ मला. वावर गेलं."

संध्याकाळच्या गाडीनं नरसिंग उतरला. तुमाला सांगते, त्या साहेबानं ते पाहायला पाह्यजे होतं! मुंबईपासून उभं राहून आलेलं पोरगं, कंबरंत उसण भरलेली, वाकून दुहेरी झालेलं, परभणीपासूनच्या धुळीनं केस पांढरेफेक, खो खो खोकून राहिलं, आन हातात आईसाठी आणलेली काठी. तिच्यावरच टेकत टेकत! तिशीतलं पोरगं, पर पीठसुदीक लावायची गरज न्हाई!

म्हणतं, "आई, मी तुला न्यायला आलोय. शेजारच्या डॉक्टरच्या घरी टीव्हीवर पाह्यलं, किती खंगलीस गं! गावात तर कुणीच राह्यलं न्हाई म्हणं?" आन पारावर बसलेले समदे गडी दात काढून हसून राहिले. अक्कानं काय केलं? त्याची पेटी डोक्यावर घेतली, दुसऱ्या हातानं त्याला दंडाला धरला, आन निघाली म्होरं. ओट्याची पायरी त्याला चढवंना. म्हणे, "चढ रे बाबा आधी, मग मला मुंबईला ने."

आठ दिवस बाजंवर होता! त्याच बाजंवर! अक्का सकाळी वावरात, संध्याकाळी ह्याच्या कमरंला हळदीचा लेप. जाताना वावराचं नाव न्हाई काढलं. "पुढच्या साली बघू," एवढंच म्हणाला. अक्का म्हणे, "बघ की. जीप आणू नको म्हंजे झालं." काठी इथंच राह्यली. आता माझी कोंबडी तिच्या अंगणात जात न्हाई.

तर हट्ट्याच्या त्या दोघी साफ खोट्या न्हवत्या बघा. अक्का मेली होती खरी, पर टीव्हीत. पोरगा निघालाबी होता खरा. अर्धं खरं, अर्धं गाडीत गेलं.

एवढं समदं झालं, पर माझ्या जिवाला एकच घोर. गाडीपाशी त्याला गाठलंच. म्हणलं, "नरसिंगा, खरं सांग, मी दिसले का रे टीव्हीत?" बेचाळिसावं लागलंय मला, त्या दिवशी लग्नातलं लुगडं नेसले होते! त्यानं इचार केला, डोकं खाजवलं. "काकू, तुमी तर न्हाई दिसल्या... तिथं आईच्या उशाशी एक थकलेली म्हातारी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हिचाबी नंबर लागणार बिचारीचा. ती कोण होती हो?"

आता काय सांगता? म्हणलं, "असंल बाबा कुणी. टीव्हीत असंच असतं."

आन घरी येऊन आधी अक्काची परात नेऊन दिली.