कप्तानाच्या परीक्षेचा अर्ज

"तू यंदा कप्तान होणार होता ना? काय झालं?" असं अकोल्यात मले जो तो विचारते, तं आईक आता.

कप्तानाच्या परीक्षेले बसाच्या आधी ठरलेले महिने अधिकारी म्हणून समुद्रावर काढा लागतात. माया हिशोबात फक्त अकरा दिवस बाकी होते. जहाज सिंगापूरले लागलं होतं, अन् पातूरहून बहिणीचा फोन आला, "दादा, बाबा तुलेच विचारून राह्यले. लवकर ये."

आमचा कप्तान म्हणाला, "आत्ता उतरलास तर दिवस कमी पडतील."

मी उतरलो. घरी पोचलो तं बाबाले मसणात नेऊन एक दिवस झाला होता. त्यायचं तोंड काही मले दिसलं नाही.

महिन्याभरानं मुंबईच्या हापिसात अर्ज दिला. बाबूनं कागद चाळले अन् परत सरकवले.

"अकरा दिवस कमी आहेत."

"साहेब, वडील मरणाच्या दारात होते म्हणून उतरलो. ते गेले."

"ते ठीक आहे. पण पुन्हा जहाजावर जावं लागेल. आणि या वेळी मध्येच उतरू नका."

मी म्हटलं, "नाही उतरत, साहेब. बाप एकच होता."