झुंबरचा दिवस

(बदनापूर, २००३. शाळा सुटल्यानंतरचा रिकामा वर्ग. गोजरबाई खुरपणीवरून तशीच सरांकडे फ्रेंच प्रश्न शिकायला आली आहे. नखांतली माती काढायचंही तिला सुचलेलं नाही.)

सर : पुन्हा एकदा, सावकाश. 'त्यु त लेव आ केल अर?'

गोजरबाई : त्यु त लेव आ केल अर. तू किती वाजता उठतीस.

सर : छान. फक्त शेवटी आवाज थोडा वर न्या, नाहीतर हुकूम वाटतो.

गोजरबाई : वाटू द्या की. आई हाये मी. एकोणीस सालात एक हुकूम न्हाई केला पोरीवर.

सर : आता दुसरं. 'केस्क त्यु मांज ल मातँ?' सकाळी काय खातेस?

गोजरबाई : केस्क त्यु मांज... जिभंला पीळ पडून राह्यला, सर. तरी आजून धा शिकवा. जल्दी. उद्या दोनला पोरीचा फोन.

सर : बारा प्रश्न झाले की! पण तिची फ्रेंचमधली उत्तरं तुम्हाला कळणार कशी? मी शेजारी उभा राहून अर्थ सांगतो म्हटलं, तर तेही नको म्हणता.

गोजरबाई : मधी माणूस नको. ती बोलली की मी हूं म्हणन, अन् लगेच फुडचं विचारन. तिला विचारायला जागाच न्हाई ठेवायची.

सर : काय विचारायला?

गोजरबाई : पत्र तुम्हीच वाचलं न्हाई का?

सर : 'दत्तकाच्या कागदपत्रांत माझ्या जुळ्या बहिणीचं नाव सापडलं. झुंबरचा दिवस कसा जातो, ते मला सांग.' एवढंच तर लिहिलंय तुमच्या क्लेरनं फ्रान्सहून. तक्रारीचा एक शब्द नाही. झुंबर सासरी असेल ना?

गोजरबाई : न्हाई.

सर : मग?

गोजरबाई : दोघी सात महिन्यांच्या व्हत्या. मालक नुकतेच गेल्ते. अंगावर दूध एकीपुरतं. संस्थेच्या बाई म्हणल्या, एक द्या, वाचंल. किरकिरी व्हती ती दिली. माझ्या डोळ्याम्होरं मरायला नको म्हणून. दांडगी ठेवली.

सर : झुंबर.

गोजरबाई : त्याच चैत्रात गोवर आला. चार दिसांत गेली.

सर : ...गोजरबाई, हे तिला सांगायला हवं. वाक्य फार लहान आहे. मी शिकवतो.

गोजरबाई : लहान हाये म्हणूनच नको. पहिल्यांदा माझा आवाज ऐकणार पोरगी, अन् मी हे ऐकवू?

सर : हे लपवणं किती दिवस पुरेल? ती कधीतरी इथे येईलच.

गोजरबाई : आली तर तिचा हात हातात घिऊन सांगन. फोनात न्हाई.

सर : आणि उद्या तिनं विचारलंच तर?

गोजरबाई : मंग लिहा. झुंबर पाचाला उठती.

सर : गोजरबाई...

गोजरबाई : लिहा ना, सर. तुमच्या फ्रेंचात.

सर : ...'एल स लेव आ सँक अर.'

गोजरबाई : एल स लेव आ सँक अर. फुडं लिहा, पाणी भरती. भाकरी थापती. कामाला जाती.

सर : लिहिलं. आणि दुपारी?

गोजरबाई : दुपारी...

सर : राहू द्या आता.

गोजरबाई : सर, तुमची थोरली पोरगी झुंबरएवढीच हाये न्हाई का? ती दुपारी काय करती?