मिश्रीला कुणी तंबाखू म्हणतं का

विहारात जमलेल्या सगळ्यांना जय भीम, सलाम. मी मुमताज, शिलाईवाली. सुभद्राबाईंच्या भिंतीला भिंत लागून माझं घर. चार माणसांत बोलायची मला सवय न्हाई. बाईंच्या लेकीनं, वैशालीनं, बोला म्हणलं म्हणून उभी राहिले. मधीच थांबले तर सांभाळून घ्या.

बाई आपल्या शाळेच्या मास्तरीण. इथं बसलेल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेत. त्याच बाईंना गुडघ्यांनी जाग्यावर बसवलं. उदगीर जिल्हा झाला की मोठा दवाखाना इथंच होईल, मग बदलू गुडघा, असं म्हणत लई वर्षं काढली त्यांनी. जिल्हा काही झाला न्हाई. शेवटी मीच लातूरला घेऊन गेले.

तिथं सिस्टर कागद भरत होत्या. शुगर? हाय, गोळी चालू हाय. तंबाखू? मी म्हणलं, न्हाई. त्यांनी पुन्हा विचारलं, कसलीच न्हाई? मला रागच आला. म्हणलं, मास्तरीण हायत त्या.

अन् बाई रोज दोन टाईम मिश्री लावायच्या. बायांनो, तुम्हीच सांगा, मिश्रीला आपल्यात कुणी तंबाखू म्हणतं का? आपण त्याला दात घासणं म्हणतो. पण तव्यावर काय भाजतो आपण? तंबाखूच की.

मग सिस्टरनं विचारलं, घरी बघायला कोण? वैशाली नोकरीला नांदेडला. मी म्हणलं, अख्खी गल्ली हाय. हे काही खोटं नव्हतं. पण साल दुष्काळाचं. टँकर आला की गल्ली नळीकडं पळते, मग घरात कोण राहतं?

ऑपरेशन झालं, बाई घरी आल्या. टाके काढून चार दिवस झाले होते. मी टँकरच्या रांगेत. बघते तर बाई कळशी घेऊन पायरी उतरत होत्या. मी ओरडले, माघारी जा. त्या म्हणाल्या, "तू एकटी किती भरशील गं?" अन् पाय घसरला. टाक्यांची जागा उकलली.

परत लातूर. परत तोच वॉर्ड. जखम काही केल्या भरेना. तेव्हा मी मिश्रीचं सांगितलं. डॉक्टर माझ्यावर रागावले न्हाईत. म्हणाले, "मावशी, शुगर अन् तंबाखू दोन्ही असलं की जखम भरायला लई जड जातं. आधी कळलं असतं तर मिश्री बंद करायला लावून, थोडं थांबून मगच ऑपरेशन केलं असतं." पू झाला. तो अंगात पसरला. बाई गेल्या.

काल वैशाली माझा हात धरून म्हणाली, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. आईनंबी लाजून न्हाईच म्हणलं असतं."

पोरी, तू मोठ्या मनाची हायस. पण तसं झालं न्हाई. तंबाखूचं विचारलं तेव्हा तुझी आई सिस्टरकडं वळली होती. "ते मिश्रीचं..." एवढं तिच्या तोंडून निघालं होतं. मी तिचा हात दाबला. वरून मीच न्हाई म्हणलं. मला वाटलं, बाईंची अब्रू राखली मी.

हे मी आजपर्यंत कुणाला बोलले न्हाई. आज तुझ्यासमोर बोलले. माफ कर म्हणायचं तोंड मला न्हाई.

मंडळी, आता दोन मिनिटं शांत राहू. ज्यांना जमतं त्यांनी उभं राहा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा, बाईंना चालेल.