पुरणयंत्राची वीणा

(इंग्लंडमधलं वॉटफर्ड. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सत्काराची तयारी.)

पद्माकर : कस्तुरी, हा परिचय आहे की आरोपपत्र? पाहुणा अमेरिकेचा एवढा मोठा कादंबरीकार, आणि तू लिहितेस, "पहिली कादंबरी पहिल्या घटस्फोटावर, दुसरी दुसऱ्या घटस्फोटावर"?

कस्तुरी : फॅक्ट आहे, काका. बायका संपल्या म्हणून तर नॉटिंगहॅमला शिकवायला आला.

पद्माकर : आणि तिसरीला बक्षीस! तेही वॉटफर्डच्या मराठी बाईवर! आपलं नाव सातासमुद्रापार गेलं.

कस्तुरी : आपण आधीच सातासमुद्रापार आहोत. आणि ती बाई माझी आई आहे. नॉटिंगहॅमला होते तेव्हा त्याच्या लेखनाच्या इव्हिनिंग क्लासला बारा आठवडे मी आईवरच होमवर्क लिहिला. त्याने शेरा मारला, "यात काहीच घडत नाही."

पद्माकर : मग?

कस्तुरी : मग त्याने घडवलं. आई भारतातून येताना पिशवीतून पुरणयंत्र घेऊन आली होती ना, त्याची वीणा केली.

पद्माकर : वीणा? अगं, आशाताईंना आरतीचा सूर लागत नाही!

कस्तुरी : बिस्किट फॅक्टरीतली बत्तीस वर्षं दोन ओळींत उरकली. आणि चॅप्टर थ्रीमध्ये तिला मारून टाकलं. पुस्तकात दुःख हवं होतं.

पद्माकर : अरे देवा. शाल-श्रीफळ आपल्याकडे सर्वांत ज्येष्ठ सभासदाच्या हस्ते देतात.

कस्तुरी : हो. आईच्याच.

पद्माकर : पत्रिकेत छापलंय गं! आधी बोलली का नाहीस?

कस्तुरी : तुम्ही पुस्तक वाचलं असेल असं वाटलं.

पद्माकर : मागचं कव्हर वाचलं. बरं, तुझं नाव तरी आहे का आत?

कस्तुरी : आभाराच्या पानावर त्याचं कुत्रं आहे. मी नाही. पण राग मला माझाच येतो, काका. दोन शब्द कौतुकाचे मिळावेत म्हणून मी माझी आई परक्याच्या हवाली केली.

पद्माकर : त्यांना माहीत आहे?

कस्तुरी : काल सगळं वाचून दाखवलं, मराठीत करून.

पद्माकर : रडल्या?

कस्तुरी : स्वतः गेली तिथे थोडी रडली. मग उठून पुरणयंत्र काढलं, घासलं, पुसलं. शालीऐवजी तेच देणार म्हणते.

पद्माकर : त्याला? तो काय करणार त्याचं?

कस्तुरी : म्हणाली, "मी वारले ना? मग यंदा होळीचं पुरण त्यालाच वाटू दे."