शालीखालचा सौदा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या मंगल सिस्टर, आणि चहाच्या किटलीवर लक्ष ठेवून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी परशराम, निपाणीचा तंबाखूचा दलाल. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात माझा जन्म गेला. गेल्या वर्षी याच दवाखान्यात माझी बायपास झाली. हृदय झकास चाललं, बिघडलं ते पाणी. सिस्टरांनी बजावलं होतं, "आप्पा, ऑपरेशननंतर अंगातलं एक हार्मोन घाबरतं आणि लघवीवाटे जायचं पाणी आतच धरून ठेवतं. पाणी मोजूनच प्यायचं."

आता मला सांगा, शहाळं म्हणजे पाणी का? आमच्या घरात तरी कुणाला तसं वाटलं नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण शहाळं घेऊन आला आणि आमच्या मंडळींनी, म्हणजे अंबुबाईंनी, कुणाचंच मन मोडलं नाही. सिस्टर पाठमोऱ्या झाल्या की शहाळं माझ्या तोंडाला.

व्हायचं तेच झालं. रक्तातलं मीठ पातळ झालं आणि माझं डोकं थेट बाजारात गेलं. सलाइनच्या स्टँडला गिऱ्हाईक समजून मी चादरीखाली सौदा करू लागलो. धाकटा भाऊ भरमू लई खूश. "अण्णा बरा झाला रं, धंद्याला लागला बघा," म्हणत त्यानं पेढ्यांसारखा वॉर्डभर कुंदा वाटला.

सिस्टरांनी मात्र कॉटखाली वाकून पाहिलं. रिकामी शहाळी दिसली. "मीठ आणखी उतरलं तर झटके येतील, माणूस हातचा जाईल," म्हणाल्या आणि डॉक्टरांना बोलवायला धावल्या. मंडळी, त्या दिवशी मी मेलो असतो, आणि तेही कुंदा वाटून झाल्यावर.

उपचार सुरू झाले, डोकं ताळ्यावर आलं, पण पाण्यावर कडक पहारा बसला. तहानेनं जीव कासावीस. मी सिस्टरांचा हात चादरीखाली ओढला आणि पाच बोटं दाबली, म्हणजे पाच घोट. त्यांनी एक दाबलं. मी चारवर आलो, तीनवर आलो, त्या एकच. एवढा चिवट व्यापारी मला निपाणीत भेटला नाही. त्या एका घोटावर मी जगलो.

सिस्टर, तुम्ही निघालात, मला फार वाईट वाटतंय. अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला.

आणि हो, मघाशी सिस्टरांना शाल पांघरताना मी सवयीनं शालीखाली त्यांचं एक बोट दाबलं. त्यांनी माझी पाचही दाबली. तेव्हा समोरचा हा पाण्याचा ग्लास मी आता सगळा पिणार आहे.